डस्ट कलेक्टरची खालची पिशवी बदलताना भुशाचा ढग उठतो, तुम्ही लोक कशी बदलता?

कुपवाड_फर्निचर (प्रश्न)

नमस्कार मंडळी, कुपवाडला आमचं छोटं फर्निचरचं वर्कशॉप आहे, दोन मिस्त्री, एक मदतनीस आणि मी. पॅनल सॉ (मोठे तक्ते कापायचं) आणि थिकनेसर (लाकूड एकसारख्या जाडीचं रंधायचं) या दोन मशीनला मिळून दोन एचपीचा डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढून घेणारं मशीन, लावलाय, नेहमीचा दोन पिशव्यांचा, वर फुगणारी कापडी पिशवी, खाली प्लॅस्टिकची आणि मधे पत्र्याची गोल रिंग. ओढायला मशीन चांगलं आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. अडतंय ते खालची पिशवी बदलताना. भरलेली पिशवी इतकी जड होते की पट्ट्याचं बक्कल सोडलं की ती धपकन खाली बसते आणि जो काय ढग उठतो तो लवकर खाली बसतच नाही, पॉलिश करून ठेवलेलं काम असेल तर त्यावर सगळा थर. नवीन पिशवी चढवायची म्हणजे एकानं दोन्ही हातांनी तोंड धरायचं आणि दुसऱ्यानं पट्टा आवळायचा, तरी कुठंतरी घडी राहतेच आणि मशीन चालू केलं की तिथून बारीक भुसा बाहेर फुंकला जातो.

किती भरली की बदलायची हेही नक्की कळत नाही. तयार पिशवी महाग पडते आणि पुण्याहून मागवावी लागते म्हणून मिस्त्री लोक ती गळ्यापर्यंत भरेस्तोवर हात लावत नाहीत. दुसरी कुठली पिशवी चालते का? आणि पावसाळ्यात वरची कापडी पिशवी दमट होऊन ओढ कमी होते, ती धुतली तर चालेल का?

सगळ्यात जास्त काळजी त्या मदतनीस पोराची वाटते. पिशवी बदलायचं काम त्याच्याकडंच येतं, तोंडाला रुमाल बांधून करतो आणि नंतर बराच वेळ शिंकत, खोकत असतो. यावर काहीतरी व्यवस्थित पद्धत बसवायची आहे, म्हणून विचारतोय.

सातारा_रंधा

भाऊ, आमच्याकडं साताऱ्यात हेच मशीन आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गळ्यापर्यंत भरू देऊच नका. अर्धी झाली की बदलायची, फार तर दोन तृतीयांश. कारण असं की पंख्यातून आलेली हवा त्या रिंगमधे गोल फिरते, त्या फिरण्यामुळं जड भुसा कडेनं खाली पडतो आणि हवा वरच्या कापडातून बाहेर जाते. खालचा ढीग रिंगच्या जवळ आला की हीच फिरती हवा त्याला परत उचलते आणि सगळं वर नेऊन कापडाला आतून चिकटवते. मग ओढ कमी होते, थिकनेसर तुंबतो आणि आपण मशीनला नावं ठेवतो. पिशवी पारदर्शक असतेच, अर्ध्यावर लाल इन्सुलेशन टेपचा एक वळसा मारून ठेवा, तिथवर आलं की बदलायची, कोणाला विचारायचं नाही. शिवाय अर्धी पिशवी एका माणसाला पेलते. २० इंच व्यासाची आणि तीन फूट उंचीची पिशवी म्हणजे १८५ लिटरच्या आसपास, रंध्याचा भुसा असेल तर हलकी असते पण एमडीएफचा (लाकडाचा चुरा रेझिननं दाबून केलेल्या तक्त्याचा) बारीक भुसा भरला की उचलत नाही, पट्टा निसटतो तो त्या वजनानंच.

आता काढायची कशी. मशीन बंद, नुसतं बटण नाही, एमसीबी (लाइनचा ब्रेकर) पाडा किंवा प्लग काढून ठेवा, पंखा पूर्ण थांबू द्या. वरची पिशवी लुळी पडली की तिला बाहेरून हातानं हलवा, तळहातानं हळू थापट्या मारा, आतला चिकटलेला भुसा खालच्या पिशवीत पडतो. हे खालची पिशवी जागेवर असतानाच करायचं, बरेच लोक नवीन पिशवी लावल्यावर वरची झटकतात, मग नवीन पिशवी पहिल्याच दिवशी चार बोटं भरते. झटकून झालं की लगेच पट्ट्याला हात लावायचा नाही. पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या, चहा घेऊन या, आत उडालेलं खाली बसू दे. शेडमधला छताचा पंखा बंद करा, हे फार महत्त्वाचं आहे आणि सगळे तेवढंच विसरतात.

मग पिशवीच्या बुडाखाली काहीतरी सरकवा, लाकडाचे ठोकळे, बुटकी चाकाची ट्रॉली, जे असेल ते, म्हणजे वजन पट्ट्यावर लटकत नाही आणि तुमचं ते धपकन बसणं बंद होतं. बक्कल सोडल्यावर पट्टा एका बाजूनं थोडा थोडा उतरवायचा आणि जसजसं प्लॅस्टिक मोकळं होईल तसतसं ते मुठीत गोळा करत जायचं, शेवटी तोंड पिळून सुतळीनं बांधायचं. पिशवीतली हवा दाबून बाहेर काढू नका, ढग तिथंच उठतो, हवा राहिली तर राहू दे आतच.

चढवायचं काम एका माणसाचं करायचं असेल तर दोन युक्त्या. सायकलची जुनी ट्यूब कापून तिची गाठ मारून कडं बनवा, रिंगच्या घेरापेक्षा वीतभर लहान, म्हणजे ताणून बसतं. पिशवीचं तोंड रिंगवर ओढलं की आधी हे कडं चढवायचं, त्यावर पिशवी धरून राहते, मग सावकाश घड्या सारख्या करून वर पट्टा आवळायचा. ट्यूब नसेल तर जुन्या स्पीकरचे चार-सहा चुंबक घ्या, रिंग पत्र्याची असल्यामुळं प्लॅस्टिक चुंबकाखाली दाबून धरता येतं. आणि रिंगच्या कडेला दाराच्या फटीला लावतात ती चिकट फोमची पट्टी एक वळसा मारून घ्या, लहान घडी राहिली तरी फोम ती भरून काढतो. बक्कल नेहमी समोरच्या बाजूला, भिंतीकडं गेलं की कोणी नीट आवळत नाही.

कुपवाड_फर्निचर

दादा फार उपयोगी लिहिलंत. टेपचा वळसा आजच मारतो. पिशवीचं काय करता? तयार घेता की दुसरी?

सातारा_रंधा

तयार नाही घेत. प्लॅस्टिकच्या होलसेल दुकानात एलडीपीई (मऊ प्लॅस्टिक) ट्यूबचा रोल मिळतो, किलोवर. दोन्ही कडांनी बंद, टोकं उघडी, लांबच लांब नळी असते ती. तुमच्याकडं गणपती पेठेत किंवा मार्केट यार्डच्या बाजूला विचारा. दुकानदार रुंदी विचारतो ती चपटी धरून, हे लक्षात ठेवा. २० इंच व्यास म्हणजे घेर जवळपास ६३ इंच, चपटी रुंदी त्याच्या निम्मी, साडेएकतीस. म्हणून ३२ इंची घ्यायची, इंचभर सैल बसते, तेवढी बरोबर असते. ३० इंची घेतली तर चढणार नाही आणि ३६ घेतली तर घड्याच घड्या. जाडी ४०० गेज सांगा, म्हणजे १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग), त्याच्या खालची ढलप्यांच्या टोकानं फाटते. लागेल तेवढी कापायची, एक तोंड पिळून उलटं दुमडून केबल टायनं घट्ट बांधायचं, झाली पिशवी. स्वस्त पडते त्यामुळं अर्धी भरल्यावर बदलायला कोणाचा जीव तुटत नाही, आणि मला वाटतं खरा फरक तिथंच पडतो.

मिरज_तंबोरा

मी मिरजेचा, आमच्या घरी तंबोरे आणि सतारी बनतात. तुमच्याइतका भुसा आमच्याकडं निघत नाही पण जो निघतो तो फार बारीक, तुणाचं लाकूड पॉलिश पेपरनं घासताना निघणारा, आणि भोपळा घासताना निघतो तो तर पीठच. त्यामुळं मदतनीसाबद्दल लिहिलंत ते वाचून राहवलं नाही.

जो भुसा डोळ्याला दिसतो तो नाकात, घशात अडकतो आणि शिंकेबरोबर बाहेर पडतो. छातीत खोल जातो तो न दिसणारा. १० मायक्रॉनचा कण शांत हवेत आठ फुटांवरून खाली यायला १३-१४ मिनिटं घेतो, पण १ मायक्रॉनचा कण पंधरा-वीस तास हवेत राहू शकतो. म्हणजे ढग बसला असं आपल्याला वाटतं तेव्हा फक्त जाड माल बसलेला असतो. आणि पिशवीच्या तोंडाशी वाकलेल्या माणसाला त्या पाच मिनिटांतही बरीच धूळ मिळते.

लाकडाची धूळ म्हणजे फक्त सर्दी-शिंका असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, आयएआरसीनं, १९९५ मधेच लाकडाच्या धुळीला गट १ मधे टाकलंय, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमधे, मुख्यतः नाक आणि नाकाच्या बाजूच्या पोकळ्या. एमडीएफ आणि प्लायला जे रेझिन वापरतात त्यातलं फॉर्मल्डिहाइडसुद्धा त्याच गटात आहे. युरोपियन युनियनमधे कडक लाकडाच्या धुळीची मर्यादा आता आठ तासांच्या सरासरीनं घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे खोलीभर हवेत चिमूटभरसुद्धा नाही. शिसव, सागवान यांच्या धुळीनं काही लोकांची कातडी लाल होऊन खाजते, दमा सुरू होतो, आणि एकदा अंगाला लागलं की पुढं थोड्या धुळीनंही त्रास होतो. तुमच्या पोराला नेमक्या कोणत्या लाकडाच्या दिवशी त्रास जास्त होतो ते विचारून बघा, आणि मिरजेत दवाखान्यांची काही कमी नाही, एकदा छातीच्या डॉक्टरला दाखवून आणा, काम काय करतो ते स्पष्ट सांगून.

रुमालाचा बारीक धुळीला काही उपयोग नाही. एन९५ मास्क द्या, तो ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९५ टक्के अडवतो, पण नाकाची पट्टी दाबून बसवली तर आणि दोन्ही इलॅस्टिक डोक्यामागून घेतले तर. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते. मास्क पिशवी सोडायच्या आधी घालायचा आणि पिशवी बांधून बाहेर नेऊन ठेवल्यावर, जमीन न झाडता पुसून झाल्यावर काढायचा. कपडे कॉम्प्रेसरच्या हवेनं झटकायची सवय असेल तर ती आधी बंद करा, कृपया.

आणि वरची पिशवी धुवायच्या आधी ती किती मायक्रॉनची आहे ते बघा. बऱ्याच मशीनबरोबर जी साधी कापडी पिशवी येते ती ३० मायक्रॉनच्या आसपासची असते, म्हणजे न दिसणारी बरीचशी धूळ ती परत वर्कशॉपमधेच सोडते. १ मायक्रॉनच्या फेल्टची (दाट, जाड कापडाची) पिशवी बसवली तर खर्च एकदाच, पण फरक सगळ्यांच्या छातीत पडतो. आमचा छोटा व्हॅक्यूम आहे, त्यालाही कागदी पिशवी सोडून फ्लीसची (न विणलेल्या कापडाची) लावली तेव्हापासून काढताना फाटायची भीती गेली, तोंडावरची पट्टी सरकवून बंद करायची आणि मगच बाहेर ओढायची.

विटा_प्लायवूड

एवढं कशाला करताय, वरची पिशवी काढूनच टाका आणि तिथून मोठा पाइप भिंतीबाहेर सोडा. बारीक धूळ आत येणारच नाही. आपल्याकडं काय हीटर लावून बसायचंय का, गरम हवा बाहेर गेली म्हणून बिघडत नाही.

मेंटेनन्सवाला_मिरज

विटेकर म्हणताय त्यात तथ्य आहे, आजूबाजूला मोकळं रान असेल तर. कुपवाडच्या दाटीत शेजाऱ्याच्या दारात एमडीएफची धूळ सोडणं बरोबर नाही, त्याच्याकडं पण माणसंच काम करतात. त्यापेक्षा डस्ट कलेक्टरच बाहेर काढा, पिशव्या तशाच ठेवून. भिंतीला लागून पत्र्याचं छोटं शेड, पावसाचं पाणी उडणार नाही इतपत, तीन बाजूनं जाळी, फक्त पाइप भिंतीतून आत. मग पिशवी बदलायची ती बाहेरच, उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून. पॉलिशवर थर बसायचा प्रश्न मिटला आणि आवाज पण गेला. मशीन चालू असताना एखादी खिडकी उघडी ठेवा, जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट लागते, नाहीतर ओढ कमी होते.

मी कारखान्यात मेंटेनन्स बघतो त्यामुळं दोन-तीन गोष्टी त्या बाजूनं सांगतो. पिशव्या कमी वेळा बदलायच्या असतील तर डस्ट कलेक्टरच्या आधी एक पिंप बसवा, २०० लिटरचं लोखंडी, झाकणाला सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून जड भुसा खाली पाडणारं नरसाळं. थिकनेसरच्या ढलप्या सगळ्या पिंपात पडतात, पिशवीपर्यंत फक्त बारीक जातं. पण इथं एक फरक समजून घ्या, तुमची आत्ताची खालची पिशवी पंख्याच्या पुढं आहे, तिथं हवा ढकलली जाते म्हणून ती फुगते. पिंप पंख्याच्या मागं असतं, तिथं हवा ओढली जाते, म्हणून पिंपात प्लॅस्टिकची पिशवी घातली की ती वर ओढली जाऊन सायक्लोनचं तोंडच बंद करते. तिथं पिशवी घालूच नका, पिंप ओता. घालायचीच तर आतून जाळीचं कडं देऊन पिशवी भिंतीला दाबून ठेवावी लागते. पिंपाचं झाकण मात्र एकदम हवाबंद पाहिजे, बारीक गळती असली तरी सायक्लोन काम करत नाही. आणि सायक्लोन थोडी ओढ खातो, दोन एचपीत दोन्ही मशीन एकावेळी चालणार नाहीत, प्रत्येक लाइनला सरकता गेट लावा आणि जे चालू असेल तेवढंच उघडा.

पिशवी झटकायची वेळ कधी झाली हे ओळखायला पारदर्शक नळीचा यू करा, त्यात रंगाचं पाणी, एक टोक रिंगच्या पत्र्याला भोक पाडून जोडा, दुसरं मोकळं. वरची पिशवी साफ असताना पाण्याच्या दोन बाजूंत किती फरक येतो तिथं खूण करा. कापड तुंबत गेलं की आत दाब वाढतो आणि फरक वाढतो. खर्च जवळपास काही नाही आणि अंदाजानं झटकायचं बंद होतं.

आता आगीचं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडं बऱ्याच शेडमधे फर्निचर आणि फॅब्रिकेशन शेजारी शेजारी चालतं. या मशीनला लोखंडाचा ग्राइंडर कधीही जोडू नका, एक ठिणगी भुशात जाऊन तासन् तास धुमसत राहते आणि रात्री शेडमधे कोणी नसताना पेट घेते. जमिनीवरचा कचरा ओढताना खिळे, स्क्रू आधी वेचा, पंख्याच्या पात्याला लागून ठिणगी पडते. पॉलिश, लॅकर, पीयू लावलेलं काम सँडिंग केल्यावर जी धूळ येते ती ढिगात आपोआप तापून पेटू शकते, ती पिशवी अर्धी असो की पाव, त्याच संध्याकाळी बाहेर काढायची, भिंतीपासून लांब, झाकणाच्या लोखंडी पिंपात. मशीनच्या बॉडीला अर्थिंग आहे ना ते तपासून घ्या आणि होजमधली तार दोन्ही टोकांना खरवडून पत्र्याला जोडा.

कुपवाड_फर्निचर

बाहेर शेड काढायला मागं जागा आहे, ते नक्की करणार. एन९५ आणि डॉक्टरचं या आठवड्यातच करतो. वरची पिशवी धुवायचं तेवढं राहिलं.

सातारा_रंधा

आमच्याकडं तर पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, त्यामुळं पिशवी धुवायच्या भानगडीत पडायचं नाही. ओलं कापड आणि भुसा म्हणजे लगदा, तो भोकांत वाळून बसला की निघत नाही. कापडाला आतून जो पातळ थर बसतो तो काही प्रमाणात उपयोगीच असतो, बारीक धूळ तोच थर अडवतो, कोरी पिशवी सुरुवातीला जास्त धूळ सोडते ती त्यामुळंच. उन्हाळ्यात वर्षातून एकदा पिशवी काढायची, उन्हात दोरीवर आतली बाजू बाहेर करून टांगायची, मास्क घालून लांबून हातानं झटकायची. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारू नका, फेल्टची भोकं मोठी होतात. पावसाळ्यात ओलं लाकूड थिकनेसरवर घेतलं असेल तर त्या दिवशीची खालची पिशवी तशीच ठेवू नका, दोन दिवसांत बुरशीचा वास सुटतो. दिवसाचं काम संपल्यावर पाचेक मिनिटं मशीन रिकामं चालवून बंद केलं की कापड बरंच कोरडं राहतं.

कराड_गोठा

मी सुतारकामातला नाही, म्हशी आहेत आमच्या. गोठ्यात खाली टाकायला आम्ही भुसा नेतो, म्हणून एक विनंती. रंध्याचा कोरडा भुसा असेल तर कोणीही शेतकरी आनंदानं घेऊन जाईल, पण सगळं एकाच पिशवीत येतं तेव्हा अडचण होते. एमडीएफ, प्लाय, पॉलिशचा भुसा जनावराखाली चालत नाही, बारीक धुळीनं त्यांना पण ठसका लागतो आणि शेण शेवटी शेतातच जातं. स्क्रू, खिळा पोटात गेला तर म्हैस हातची जाते.

कुपवाड_फर्निचर

बरोबर आहे तुमचं. आमच्याकडं थिकनेसरवर नुसतं सागवान आणि बाभूळ असतं, एमडीएफ फक्त पॅनल सॉवर. पिंप बसवलं तर थिकनेसरच्या दिवशीचं पिंप वेगळं ओतता येईल का?

मेंटेनन्सवाला_मिरज

येईल की. दोन पिंपं ठेवा एकाच मापाची, झाकण तेच. एकावर पांढऱ्या रंगानं लाकूड लिहा, दुसऱ्यावर एमडीएफ. मशीन बदलताना झाकण उचलून दुसऱ्या पिंपावर बसवायचं, एवढंच. आणि एमडीएफचं पिंप पेटवायला कोणाला देऊ नका, चुलीला नाही, आंघोळीच्या बंबाला पण नाही, त्या रेझिनचा धूर घरात नको. पिशवीत भरून, तोंड बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या.

सातारा_रंधा

बाभळीचा भुसा गोठ्याला द्यायच्या आधी एकदा हात फिरवून बघा, काट्याचे तुकडे राहतात कधी कधी. बाकी ३२ इंची रोल मिळाला की कळवा, भाव काय लागला ते पण, इथं पण बरेच जण विचारत असतात.